बाटली तीच, रस निराळा

१८७६ च्या मे महिन्यात ब्रिटिश नौदलाची एक तुकडी उत्तर ध्रुवाच्या दिशेने चालत ८३ अंश २० मिनिटे अक्षांशापर्यंत पोहोचली. इतक्या उत्तरेला तोवर कोणी गेल्याची नोंद नव्हती. पण हा विक्रम करणाऱ्या तुकडीची अवस्था वाईट होती. निवडून घेतलेले धडधाकट खलाशी एकामागून एक आडवे होत होते. पाय आखडले होते, हिरड्या सुजल्या होत्या, अंगावर जांभळे डाग उमटले होते. परतीच्या वाटेवर ज्यांना चालता येत होते त्यांनी बाकीच्यांना बर्फावरच्या गाड्यांवर घालून ओढले. अखेर एक अधिकारी एकटाच बर्फ तुडवत जहाजापर्यंत गेला, तेव्हा मदत आली. एका खलाशाने वाटेतच प्राण सोडला. मोहिमेचे प्रमुख कॅप्टन जॉर्ज नेअर्स यांनी बेत अर्धवट सोडून जहाजे इंग्लंडला परत नेली.

हा आजार होता स्कर्व्ही, म्हणजे आजच्या भाषेत ‘क’ जीवनसत्त्वाचा अभाव. आश्चर्य वाटावे ते इथेच. ब्रिटिश नौदलाने स्कर्व्हीवरचा उपाय १७९५ मध्येच स्वीकारला होता. लिंबाच्या रसाने हा आजार नौदलातून जवळजवळ हद्दपार झाला होता. नेअर्स यांच्या जहाजांवरही लिंबाच्या रसाच्या बाटल्या होत्या आणि खलाशी हिवाळाभर तो रस रोज पीत होते. मग ८० वर्षांपूर्वी जिंकलेला रोग परत आला कसा?

वैद्यकाच्या इतिहासातील शोधांच्या कथा आपण आवडीने वाचतो. लागलेला शोध हातातून निसटून गेल्याच्या कथा फारशा सांगितल्या जात नाहीत. स्कर्व्हीची कथा अशी आहे, आणि सार्वजनिक आरोग्याच्या कामाला ती शोधकथांपेक्षा जास्त उपयोगी आहे.

आधी रोग समजून घेऊ. आपली त्वचा, हिरड्या, रक्तवाहिन्या, हाडे यांना धरून ठेवणारे कोलॅजन नावाचे प्रथिन असते. इमारतीत सळई असावी तसे. हे कोलॅजन पक्के विणले जाण्यासाठी ‘क’ जीवनसत्त्व लागते. कुत्रा, मांजर, बकरी, उंदीर असे बहुतेक प्राणी ते स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणसाच्या पूर्वजांनी ही क्षमता कोट्यवधी वर्षांपूर्वी गमावली. ताजी फळे आणि भाज्या मुबलक असतील तोवर त्याने काही बिघडत नाही. त्या पूर्ण बंद झाल्या की शरीरातला साठा दोन-तीन महिन्यांत संपत जातो. आधी थकवा आणि उदासी, मग सांधेदुखी, हिरड्यांतून रक्त, त्वचेखाली रक्तस्राव. शेवटी कुठे तरी मोठा रक्तस्राव होऊन किंवा हृदय थांबून मृत्यू.

युरोपीय खलाशांवर हे संकट कोसळले ते लांबच्या सागरी प्रवासांमुळे. त्यातले एक प्रकरण आपल्याच किनाऱ्यावरून सुरू झाले. वास्को द गामाची जहाजे ऑक्टोबर १४९८ मध्ये गोव्याच्या दक्षिणेकडील अंजदीव बेटावरून परतीला निघाली. वारे प्रतिकूल होते. अरबी समुद्र ओलांडायला जवळजवळ तीन महिने लागले. त्या एका टप्प्यात ३० माणसे दगावली आणि जहाज हाकायला प्रत्येक जहाजावर सात-आठच धड माणसे उरली. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मलिंदीला पोहोचल्यावर आजाऱ्यांसाठी संत्री मागवण्यात आली. पुढे माणसे अपुरी पडल्यामुळे तीनपैकी एक जहाज जाळून टाकावे लागले.

१७४० मध्ये इंग्लंडहून निघालेल्या जॉर्ज अॅन्सन यांच्या ताफ्यात सुमारे १९०० माणसे होती. चार वर्षांत त्यातली १३०० हून अधिक मेली. शत्रूच्या तोफांनी मेलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, बाकीचे मुख्यतः स्कर्व्हीने आणि इतर आजारांनी. या प्रवासाच्या वृत्तांतात एका वृद्ध खलाशाची नोंद आहे. १६९० च्या बॉइनच्या लढाईत झालेली त्याची जखम कधीच भरून आली होती. स्कर्व्ही झाल्यावर ५० वर्षांनी ती पुन्हा उघडली, जणू कालच झाली असावी. वाचताना ही अतिशयोक्ती वाटते; वैद्यकीयदृष्ट्या ती शक्य आहे. जखमेचा व्रण कोलॅजनचा असतो आणि ते कोलॅजन आयुष्यभर झिजत व नव्याने तयार होत राहते. नवे बनणे थांबले की जुना सांधा उसवतो.

या रोगावर उपाय सापडला तोही एकदा नव्हे. १६०१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची पहिली मोहीम पूर्वेकडे निघाली. चार जहाजे होती. प्रमुख जेम्स लँकेस्टर यांनी आपल्या जहाजावर लिंबाच्या रसाच्या बाटल्या घेतल्या होत्या आणि माणसांना रोज सकाळी तीन चमचे रस दिला. केपपर्यंत पोहोचेतो बाकीच्या तीन जहाजांवर इतकी वाताहत झाली की नांगर टाकायलाही लँकेस्टर यांच्या जहाजावरची माणसे पाठवावी लागली. १६१७ मध्ये कंपनीचे सर्जन जॉन वुडॉल यांनी जहाजावरील वैद्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकात लिंबाच्या रसाची शिफारस केली. म्हणजे सव्वाशे वर्षांनी अॅन्सन यांची माणसे मरत होती तेव्हा त्यांच्या मृत्यूवरचा उपाय लंडनमध्ये छापून पडलेला होता.

मग आले जेम्स लिंड. स्कॉटलंडचे हे नौदल सर्जन १७४७ मध्ये ‘सॅलिसबरी’ या युद्धनौकेवर होते. त्यांनी स्कर्व्हीचे १२ रुग्ण निवडले, शक्य तितके सारख्या अवस्थेतले. सर्वांना एकाच जागी ठेवले, एकच जेवण दिले आणि दोघा-दोघांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला सफरचंदाची दारू, दुसरीला पातळ केलेले गंधकाम्ल, तिसरीला व्हिनेगर, चौथीला समुद्राचे पाणी, पाचवीला रोज दोन संत्री व एक लिंबू, सहावीला लसूण-मोहरी वगैरेंची चटणीवजा गोळी. सहा दिवसांत फळे संपली. तोवर फळे खाणाऱ्यांपैकी एक जण कामावर रुजू होण्याजोगा झाला होता आणि दुसऱ्याला इतरांच्या शुश्रूषेला लावण्यात आले. नियंत्रित वैद्यकीय चाचणीचे हे इतिहासातील पहिल्या काही उदाहरणांपैकी एक मानले जाते.

शाळेच्या पुस्तकातली गोष्ट इथे संपते. प्रत्यक्षात लिंड यांनी १७५३ मध्ये स्कर्व्हीवर जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात या चाचणीला मोजकी पाने दिली. स्कर्व्हीची अनेक कारणे असतात, दमट हवेने घामाची छिद्रे बंद होणे हे त्यातले मोठे, असे त्यांचे मत कायम होते. ताजी फळे जहाजावर टिकत नाहीत म्हणून त्यांनी रस तासन् तास मंद आचेवर आटवून घट्ट पाक करण्याची कृती सांगितली. उष्णतेने ‘क’ जीवनसत्त्व नष्ट होते हे त्या काळी कोणाला कळणार? आपल्या शोधातली जान शोधकाने आपल्याच हाताने उकळून टाकली. कॅप्टन कुक यांच्या प्रसिद्ध सफरींनंतर भाव आला तो माल्टच्या काढ्याला. त्यात स्कर्व्ही बरे करणारे काहीच नव्हते. पण तो स्वस्त होता, टिकत होता आणि कुक यांचे नाव मोठे होते.

अखेर उपाय अमलात आला तो गिल्बर्ट ब्लेन यांच्यासारख्या डॉक्टरांच्या चिकाटीने. ते आकडेवारी ठेवत आणि नौदलाच्या वरिष्ठांत त्यांचे वजन होते. १७९४ मध्ये ‘सफोक’ ही युद्धनौका कुठेही न थांबता २३ आठवड्यांत भारतात आली. खलाशांना रोज लिंबाचा रस दिला होता आणि एकही माणूस स्कर्व्हीने दगावला नाही. दुसऱ्याच वर्षी नौदलाने रस मंजूर केला. पोर्ट्समथजवळच्या हॅस्लर येथील नौदल रुग्णालयात १७८० मध्ये स्कर्व्हीचे १४५७ रुग्ण दाखल झाले होते. १८०६ मध्ये ही संख्या होती दोन.

आता लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की लिंबाचा रस का चालतो हे १७९५ मध्ये कोणालाही ठाऊक नव्हते. सर्वसाधारण समज होता की रसातल्या आम्लाने काम होते. कारण न कळताही उपाय लागू करता येतो आणि त्याने हजारो जीव वाचतात. तसा तो लागू करणे योग्यच होते. पण कारण ठाऊक नसेल तर त्या उपायात काय बदलले तर चालेल आणि काय बदलता कामा नये, हे सांगता येत नाही. पुढचा घोटाळा त्यातूनच झाला.

१८६० च्या सुमारास नौदलाने रसाचा पुरवठादार बदलला. तोवर फळ येत असे भूमध्य समुद्राकडून, माल्टा आणि सिसिलीहून. ते मोठे, पिवळे, जाड सालीचे लिंबू. इंग्रज त्याला ‘लेमन’ म्हणतात. आता फळ येऊ लागले वेस्ट इंडीजमधल्या ब्रिटिश मळ्यांतून. ते लहान, हिरवे, पातळ सालीचे ‘लाईम’, म्हणजे साधारण आपले कागदी लिंबूच. मराठीत आपण दोन्हींना लिंबू म्हणतो. त्या काळी इंग्रजीतही दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जात. मळे आपल्याच साम्राज्यातले, पुरवठा खात्रीचा आणि चव जास्त आंबट. आम्लच औषध असेल तर आंबट रस अधिक चांगला, असा हिशेब झाला. कोणी लबाडी केली नव्हती. कागदोपत्री निर्णय निर्दोष होता.

पण या नव्या रसात रोग रोखण्याची शक्ती जुन्या रसाच्या जेमतेम चौथा हिस्सा होती. त्यात तो साठवला जाई, हवेच्या संपर्कात येई आणि तांब्याच्या नळ्यांतून जाई. तांब्याच्या स्पर्शाने ‘क’ जीवनसत्त्व झपाट्याने नष्ट होते. बाटलीत उरत असे ते आंबट पाणी. (जेवताना ताजे कागदी लिंबू पिळणाऱ्यांनी काळजी करू नये. ताज्या फोडीत ‘क’ जीवनसत्त्व चांगले असते. इथे प्रश्न महिनोन् महिने साठवलेल्या रसाच्या घोटभर मात्रेचा होता.)

हे कोणाच्याच लक्षात आले नाही, कारण त्याच सुमारास वाफेची जहाजे आली. प्रवास महिन्यांवरून आठवड्यांवर आले. खलाशी वरचेवर बंदरावर उतरून ताजे अन्न खाऊ लागले. स्कर्व्ही होईनासा झाला आणि त्याचे श्रेय बाटलीतल्या रसाला मिळत राहिले. व्यापारी जहाजांनाही हा रस कायद्याने सक्तीचा झाला. ब्रिटिश खलाशांना ‘लायमी’ हे टोपणनाव पडले. उपाय निकामी झाला होता, पण तो निकामी आहे हे दाखवून देणारा रोगच समोर नव्हता. ती परीक्षा आर्क्टिकच्या हिवाळ्यात झाली. तिथे ना बंदर होते, ना ताजी भाजी.

नेअर्स यांची मोहीम फसल्यावर चौकशी समिती बसली. तिने ठपका ठेवला तो गाड्या ओढणाऱ्या तुकड्यांबरोबर रस दिला नाही यावर. पण एक साधा हिशेब कोणी केला नाही. शरीरातला साठा भरलेला असेल तर स्कर्व्हीला दोन-तीन महिने लागतात. ही माणसे एप्रिलच्या सुरुवातीला निघाली आणि काही आठवड्यांतच कोसळू लागली. म्हणजे निघतानाच त्यांचे साठे रिकामे होते, हिवाळाभर रस पिऊनसुद्धा. रस ‘दिला की नाही’ हे समितीने तपासले. दिलेल्या रसात काही होते का, हे तपासण्याचे साधनच तिच्याकडे नव्हते, आणि तशी शंकाही कोणाला आली नाही.

यानंतर जे झाले ते अधिक चटका लावणारे आहे. रस पिणाऱ्यांना स्कर्व्ही होतो आणि ताजे मांस खाणाऱ्यांना होत नाही, असे अनुभव ध्रुवीय प्रदेशातून येऊ लागले. १८९० च्या दशकातल्या फ्रान्झ जोसेफ लँडच्या मोहिमेत किनाऱ्यावर राहून अस्वलाचे ताजे मांस खाणारे ठणठणीत राहिले. जहाजावर रस आणि डबाबंद अन्नावर असलेल्यांना स्कर्व्ही झाला. निरीक्षण अचूक होते, कारण ताज्या, कमी शिजवलेल्या मांसातही थोडे ‘क’ जीवनसत्त्व असते. निष्कर्ष मात्र निघाला तो असा की लिंबाच्या रसाची गोष्ट ही जुनी समजूत असून स्कर्व्ही हा नासलेल्या मांसातल्या विषाने होणारा आजार आहे.

तो काळ जंतुशास्त्राच्या वैभवाचा होता. पटकी, क्षय, घटसर्प यांचे जंतू एकामागून एक सापडत होते. प्रत्येक आजाराच्या मुळाशी जंतू किंवा त्याचे विष असणार, असे विद्वानांना वाटणे स्वाभाविक होते. शरीरात काही ‘शिरल्यामुळे’ आजार होतो हे पटत होते. काही ‘नसल्यामुळे’ आजार होतो ही कल्पनाच अजून रुजली नव्हती. रॉबर्ट स्कॉट यांच्या १९०१ ते १९०४ च्या अंटार्क्टिक मोहिमेचे डॉक्टर रेजिनाल्ड कोएटलिट्झ हे फ्रान्झ जोसेफ लँडवरही होते आणि विषाच्या सिद्धान्ताचे समर्थक होते. मांसाचा प्रत्येक डबा उघडल्यावर तपासला जाई. तरी १९०२ मध्ये स्कर्व्ही झालाच. तो आटोक्यात आला तो सीलचे ताजे मांस रोजच्या जेवणात आल्यावर. लिंड यांच्या चाचणीला तेव्हा दीडशे वर्षे उलटून गेली होती.

याच काळात स्कर्व्ही एका अनपेक्षित ठिकाणी दिसू लागला, सुखवस्तू घरांतल्या तान्ह्या मुलांमध्ये. १८८३ मध्ये लंडनचे डॉक्टर थॉमस बार्लो यांनी दाखवून दिले की हाडे दुखून रडणारी, पाय न हलवणारी ही बाळे स्कर्व्हीची आहेत. अंगावरच्या दुधाऐवजी त्यांना डब्यातले आटवलेले दूध आणि बाजारातली तयार बालान्ने दिली जात होती. पुढे दूध तापवून निर्जंतुक करण्याची पद्धत पसरली, तसा हा प्रश्नही वाढला. दूध तापवणे चुकीचे नव्हते, त्याने असंख्य बाळे जुलाबापासून आणि क्षयापासून वाचली. फक्त एका फायद्याबरोबर एक नुकसान आले होते आणि त्याची भरपाई रोज थोड्या संत्र्याच्या रसाने होत होती. नुकसान कोणते हे माहीत असणाऱ्यालाच ती भरपाई सुचू शकत होती.

पहिल्या महायुद्धात ही किंमत भारतीय शिपायांनी मोजली. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत येथे तुर्की सैन्याने ब्रिटिश-भारतीय फौजेला वेढा घातला. ही फौज सहाव्या पुणे डिव्हिजनची होती आणि त्यात मराठा पलटणी होत्या. वेढ्यात ताजे अन्न संपले. मैद्याच्या पावावर जगणाऱ्या गोऱ्या सैनिकांना बेरीबेरी झाला, कोंड्यासकटचे पीठ खाणारे भारतीय शिपाई त्यापासून वाचले. पण मारलेल्या घोड्यांचे मांस गोरे खात होते, भारतीय शिपायांपैकी बहुतेकांनी ते बराच काळ नाकारले, आणि त्यांच्यात स्कर्व्ही पसरला. एकाच वेढ्यात, एकाच उपासमारीत दोन निराळे आजार दोन निराळ्या ताटांनी ठरवले. कुतबाहेरही १९१६ मध्ये मेसोपोटेमियातल्या हजारो भारतीय शिपायांना स्कर्व्ही झाला.

कोड्याची उकल मात्र त्याआधीच सुरू झाली होती. १९०७ मध्ये नॉर्वेत अॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिश बेरीबेरीचा अभ्यास करत होते. कबुतरांऐवजी त्यांनी गिनीपिग घेतले आणि त्यांना नुसते धान्य खाऊ घातले. गिनीपिगांना बेरीबेरीऐवजी स्कर्व्ही झाला. माणसाप्रमाणेच ‘क’ जीवनसत्त्व बनवू न शकणाऱ्या मोजक्या प्राण्यांत गिनीपिग येतो. उंदीर निवडले असते तर काहीच दिसले नसते. आता एखाद्या पदार्थात स्कर्व्ही रोखण्याची शक्ती किती, हे मोजता येऊ लागले.

युद्धाच्या शेवटच्या वर्षांत लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी स्त्री-संशोधकांनी हे मोजमाप केले. कागदी लिंबाच्या रसाची शक्ती मोठ्या पिवळ्या लिंबाच्या सुमारे पाव निघाली. अॅलिस हेंडरसन स्मिथ यांनी नौदलाच्या जुन्या कागदपत्रांतून फळ कधी आणि कसे बदलले याचा माग काढला. शंभर वर्षांपूर्वीचा यशस्वी रस आणि नेअर्स यांच्या बाटलीतला रस वेगळा होता, हे तेव्हा कुठे उघड झाले. याच प्रयोगशाळेने आणखी एक गोष्ट दाखवली. कोरड्या कडधान्यात स्कर्व्ही रोखण्याची शक्ती नगण्य असते. तेच भिजवून मोड आणले की ती कित्येक पटींनी वाढते. मटकी-मुगाला मोड आणणाऱ्या स्वयंपाकघरांना ही बातमी आवडावी. १९३२ च्या आसपास हंगेरीतील अल्बर्ट सेंट-जॉर्जी आणि अमेरिकेतील चार्ल्स किंग यांच्या कामातून रसातला तो नेमका पदार्थ निश्चित झाला. सेंट-जॉर्जी यांना १९३७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

या सगळ्याचे खापर त्या काळच्या मूर्खपणावर फोडणे सोपे आहे, पण ते खरे नाही. लिंड, ब्लेन, कोएटलिट्झ, पुरवठा बदलणारे अधिकारी, सगळे हुशार आणि प्रामाणिक होते. चूक एका व्यक्तीची नव्हती. उपाय एकदा सापडला, नियमात बसला, त्याची खरेदी ठरली, वाटप नोंदवहीत उतरू लागले, आणि तो खरोखर काम करतो का हे पाहणे थांबले. नाव कायम राहिले आणि वस्तू बदलली.

हा धोका आजही आपल्या आसपास आहे. गावच्या विहिरीत किंवा टाकीत टाकली जाणारी टीसीएल पावडर घ्या. पोत्याचे तोंड उघडे राहिले, पोते ओलीत पडले, की तिच्यातला क्लोरीन उडून जातो. पावडर दिसायला तशीच पांढरी, वासही थोडा येतोच. जलसुरक्षकाने ती रोज टाकली, वहीत सही केली, तरी पाणी निर्जंतुक झालेले नसू शकते. ते कळते नळाच्या पाण्यात ओटीचे थेंब टाकून पिवळा रंग येतो का हे पाहिल्यावरच. पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवा. ही तपासणी दोन मिनिटांची आहे. पण साथ नसलेल्या वर्षी ती टाळण्याचा मोह सर्वांत जास्त होतो. कारण तेव्हा न करूनही काही होत नाही. वाफेच्या जहाजांच्या काळातही काही होत नव्हते.

आयोडीनयुक्त मिठाचेही तसेच. कारखान्यात मिठात आयोडीन जास्त असावे आणि ग्राहकापर्यंत पोहोचताना दहा लाख भागांत किमान १५ भाग, असा आपला नियम आहे. म्हणजे वाटेत आयोडीन घटते हे नियमानेच गृहीत धरले आहे. मीठ चुलीशेजारी उघड्या बरणीत ठेवले तर ते आणखी घटते. पाकिटावरचा हसऱ्या सूर्याचा शिक्का घटत नाही.

काही ठिकाणी मात्र आपण धडा चांगला घेतला आहे. १९९६ पासून पोलिओच्या लसीच्या कुपीवर एक लहानसे वर्तुळ आणि त्यात चौकोन असतो. लस उष्णतेत राहिली की चौकोन गडद होत जातो. तो वर्तुळाइतका गडद झाला की कुपी टाकून द्यायची. लेबलवर ‘पोलिओ लस’ असे लिहिलेले असले तरी आत लस उरली आहे का, हे परिचारिकेला फ्रीजसमोर उभ्या-उभ्या कळते. नेअर्स यांच्या बाटलीवर अशी खूण असती तर मोहिमेचा शेवट निराळा झाला असता.

या कथेचा सोयीस्कर अर्थ दोन्ही बाजूंनी काढता येतो. ‘जुने तेच खरे, शास्त्रज्ञ दर पिढीला मत बदलतात’ असे एक म्हणेल. ‘जुन्या उपायांना काही आधार नसतो’ असे दुसरा म्हणेल. दोघेही चुकतात. जुना उपाय, म्हणजे भूमध्य समुद्राकडचे लिंबू, खरा होता. त्याच्याच नावाने चाललेला पुढचा उपाय पोकळ होता. कोणता खरा आणि कोणता पोकळ हे ठरवले ते परंपरेने नाही आणि अधिकाराने नाही. ठरवले ते मोजमापाने. पहिल्यांदा १२ खलाशांवर, नंतर गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत.

म्हणून आरोग्यसेवेच्या अहवालात ‘किती वाटले’ या रकान्याशेजारी ‘काय परिणाम झाला’ हा रकाना हवा. लोहाच्या किती गोळ्या दिल्या याबरोबर किती मुलींचे हिमोग्लोबिन वाढले, किती पोती पावडर खर्ची पडली याबरोबर किती नमुन्यांत क्लोरीन आढळला, किती मुलांना लस दिली याबरोबर किती गावांत गोवर आला नाही. पहिला रकाना भरणे सोपे असते. दुसऱ्यासाठी माणूस, वेळ आणि थोडी रसायने लागतात. यांवरचा खर्च काटकसरीच्या वर्षी पहिल्यांदा कापला जातो. खरेदीत स्वस्त पर्याय आला की ‘तेच आहे, फक्त कंपनी वेगळी’ या वाक्यावर सही करण्याआधी ते खरोखर तेच आहे का, हे तपासले गेले पाहिजे. ही लालफीत नव्हे, रोगीहिताचे काम आहे.

आणि स्कर्व्ही? तो संपलेला नाही. २००२ च्या हिवाळ्यात अफगाणिस्तानच्या घोर प्रांतातील बर्फाने वेढलेल्या गावांत त्याची साथ आली होती. शहरांतही तो अधूनमधून दिसतो. एकटे राहून चहा-बिस्किटांवर दिवस काढणारे वृद्ध, दारूच्या आहारी गेलेले, दुधाशिवाय काही न खाणारी लहान मुले, ठरावीक दोन-तीन पदार्थच तोंडात घेणारी स्वमग्न मुले यांच्यात. मूल चालायचे थांबते, तेव्हा आधी शंका येते ती सांध्यांच्या किंवा रक्ताच्या आजाराची. मग तपासण्यांवर तपासण्या होतात. तो टाळायला लागते ते दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आसपास ‘क’ जीवनसत्त्व, म्हणजे एका पेरूचा किंवा आवळ्याचा लहानसा तुकडा.

तेव्हा घरातल्या वृद्धाच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले, पायावर जांभळे ठिपके दिसले, किंवा लहान मूल पाय टेकायला नकार देऊ लागले, तर डॉक्टरांना सांगताना आणखी एक माहिती आवर्जून द्यावी. गेल्या तीन महिन्यांत हा माणूस रोज नेमके काय खात होता? आणि डॉक्टरांनी ते विचारले नाही, तर आपणच सांगावे.